मेकॅनिकल फ्रेशर आहे, दोन इंटरव्ह्यू हातचे गेले, पुढच्या गुरुवारी हिंगण्याला तिसरा आहे, तयारी नेमकी कशाची करू?

उमरेड_रोड

नमस्कार सगळ्यांना. मी यंदा बीई मेकॅनिकल झालो, आपल्याच नागपूर विद्यापीठातून, ७.१ सीजीपीए, बॅक एकही नाही. कॅम्पसला आमच्याकडे मोजक्या कंपन्या आल्या अन् त्यातल्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या, मला कोअरमध्येच, म्हणजे मेकॅनिकलच्याच कामात, जायचं होतं म्हणून मी बसलो नाही, आता त्याचं वाईट वाटून राहिलं पण ते जाऊ द्या. रिझल्ट लागल्यापासून बुटीबोरी, हिंगणा, मिहान, इथल्या औद्योगिक भागांत सगळीकडे रेझ्युमे देऊन राहिलो, दोन ठिकाणांहून बोलावणं आलं आणि दोन्हीकडे जे झालं ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला सांगता येईल की चुकतं कुठं.

पहिला बुटीबोरीत. आत गेलो, बसलो, पहिलाच प्रश्न "टेल मी अबाउट युवरसेल्फ". मी यूट्यूबवरून एक इंग्लिश पॅराग्राफ पाठ केला होता, पंधरा दिवस घोकला, घरी आरशासमोर एकदम कडक येत होता. तिथं तीन वाक्यं झाली आणि चौथं आठवेना. सर चांगले होते, म्हणाले, "कोई बात नहीं, हिंदी में बता दो". मला हिंदीतही सांगता आलं नाही हो, कारण डोक्यात तो पॅराग्राफच फिरत होता, मी कोण आहे ते डोक्यात नव्हतंच. बाकीचे प्रश्न काय होते ते मला आता आठवत पण नाही.

दुसरीकडे टेक्निकलला दोघे जण होते. त्यांनी टेबलावर एक पितळेचा बुश (छोटी पोकळ नळी) ठेवला, बाजूला व्हर्नियर (माप घ्यायचं साधन), आणि म्हणाले याचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, मोज. मी मोजला, २५.०२ मिलिमीटर आला. मग विचारलं, ड्रॉइंगवर २५ एच७ आहे, तर हा पास करशील का? मला एच७ म्हणजे होलचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एवढं माहीत होतं, आकडा माहीत नव्हता, तरी मी म्हणालो हो सर, ओके आहे. ते म्हणाले, "व्हर्नियरने सांगून राहिला?" मला प्रश्नच कळला नाही. मग प्रोजेक्टवर आले. आमचा सोलर ग्रास कटर. विचारलं बॅटरी किती वेळ चालते, मी म्हणालो दोन तास. कसं काढलं? मी गप्प. खरं सांगतो, आम्ही चौघांनी पैसे जमा करून तो तयारच घेतला होता, मी फक्त रिपोर्ट टाइप केला. सरांनी रेझ्युमेवर प्रोजेक्टच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि दोन मिनिटांत थँक्यू झालं.

बाबा एसटीत आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतात. ते काही बोलत नाहीत पण रोज संध्याकाळी विचारतात, फोन आला होता का. आता पुढच्या गुरुवारी हिंगणा एमआयडीसीत बोलावलं आहे, ट्रेनी इंजिनिअर म्हणून. हातात नऊ दिवस आहेत. आठही सेमिस्टर वाचू का? इंग्लिशचं काय करू? आणि प्रोजेक्ट रेझ्युमेवरून काढून टाकू का ठेवू? कृपया कोणी अनुभवी असाल तर सांगा.

टूलरूम_हिंगणा

भाऊ, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी क्वालिटी अन् टूलरूममध्ये चौदा वर्षांपासून आहे, फ्रेशर पोरांच्या इंटरव्ह्यूत मला बसवतात, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो.

तुझा दुसरा इंटरव्ह्यू वाईट नव्हता, त्यांनी तुला लय चांगला प्रश्न विचारला होता. २५ एच७ म्हणजे बोअर २५.००० पासून २५.०२१ पर्यंत चालतो. सगळा मिळून टॉलरन्स २१ मायक्रॉनचा. तुझ्या हातातल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. आता तूच पाहा, जेवढी जागा तपासायची आहे तेवढीच तुझ्या पट्टीची एक रेघ आहे. त्यात तुझ्या हाताचा दाब, जबड्यातली घाण, वाकडा धरला तर तो फरक वेगळाच. २५.०२ आला म्हणजे खरा बोअर २५.०१ असू शकतो नाहीतर २५.०३ पण असू शकतो. म्हणून ते म्हणाले, व्हर्नियरने सांगून राहिला? त्यांना एवढंच ऐकायचं होतं की सर, व्हर्नियरने मला अंदाज येईल, पास-फेल यावरून नाही सांगता येणार, त्याला प्लग गेज (ठरावीक मापाच्या दोन टोकांचा दांडा) पाहिजे, गो टोक आत गेलं पाहिजे आणि नो-गो टोक अडलं पाहिजे, नाहीतर बोअर गेजने डायमेन्शन घ्यावं लागेल. बस. एच७ चा आकडा पाठ नसला तरी चालते, तो चार्टमध्ये असते, आम्ही पण चार्ट पाहतो. पण ज्याने मोजायचं ते साधन त्या मापाला पुरते का, हे ज्याला सुचते त्याला आम्ही घेतो.

आणखी एक. व्हर्नियर उचलल्यावर तू आधी काय केलं? जबडे पुसून, मिटवून शून्याला शून्य जुळते का ते पाहिलं का? नव्वद टक्के पोट्टे थेट जॉबला लावतात असं माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे (नव्वद हा मोजलेला आकडा नाही, पण जवळपास सगळेच). बोअर मोजताना वरचे छोटे जबडे आत घालायचे, किंचित हलवून जास्तीत जास्त रीडिंग येते ते घ्यायचं, मग नव्वद अंशात फिरवून परत घ्यायचं, दोन रीडिंग वेगळे आले तर बोअर ओव्हल आहे. हे एवढं हळूहळू, न घाबरता केलं ना, तर समोरचा माणूस आकड्याकडे पाहतच नाही, तुझ्या हाताकडे पाहते.

आठ सेमिस्टर नको वाचू, नऊ दिवसांत ते होत नाही आणि झालं तरी उपयोग नाही. आम्ही बहुतेक वेळा विचारतो की आवडता विषय कोणता, आणि पोरगं म्हणते थर्मो, कारण सगळे तेच म्हणतात, आणि मग सेकंड लॉ विचारला की संपलं. तू एकच विषय धर. कंपनी मशीनिंगची असेल तर प्रॉडक्शन आणि मेट्रॉलॉजी (मापनशास्त्र) धर. फिट्सचे (शाफ्ट भोकात किती घट्ट बसतो त्याचे) तीन प्रकार, क्लिअरन्स (सैल), ट्रान्झिशन (मधला), इंटरफिअरन्स (घट्ट), आणि प्रत्येकाचं आपल्या आजूबाजूचं एक उदाहरण. बेअरिंग शाफ्टवर का ठोकून बसवतात आणि दरवाज्याच्या बिजागरीची पिन का सैल असते, असं. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट ०.०१ कसा येतो, पिच ०.५ भागिले थिंबलचे (फिरत्या नळीचे) ५० भाग. रॅचेट कशाला असते. कास्ट आयर्न ओढल्यावर लवकर का तुटते आणि दाबल्यावर का टिकते. हे सगळं तुला माहीत आहे, फक्त तोंडाने कधी सांगितलं नाही.

वर्धा_रोड_००७

प्रोजेक्टचं एवढं काय टेन्शन घेता, सगळेच विकत घेतात, पॅनेलला पण माहीत असते. दोन-चार आकडे पाठ कर आणि ठोकून दे, मी तसंच केलं होतं.

टूलरूम_हिंगणा

@वर्धा_रोड_००७ तुमचं जमलं असेल, पण मी याच्या विरोधात आहे आणि मनापासून आहे. पाठ केलेल्या आकड्यावर दुसरा प्रश्न आला की पोरगं पडते, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत आम्हाला कळते की हे खोटं बोलून राहिलं. शॉपफ्लोअरवर याचा अर्थ काय होते ते सांगतो. उद्या याच पोराने इन्स्पेक्शन रिपोर्टवर न मोजता आकडे भरले तर तो लॉट कस्टमरकडे जाते, तिथं लाईन थांबते, पूर्ण माल परत येते. माणूस शिकवता येते, ही सवय नाही मोडता येत.

@उमरेड_रोड प्रोजेक्ट काढू नको. ग्रास कटर कुठं आहे आता, कॉलेजात पडला आहे ना? जा आणि उघड. बॅटरीवर काय लिहिलं आहे वाच. या प्रोजेक्टला बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) सीलबंद बॅटरी लावतात. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-अवर. मोटर समजा ६० वॉटची असेल तर कागदावर ८४ भागिले ६०, म्हणजे १.४ तास. पण ते ७ एएच हे बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळतात, तू ५ अँपिअर ओढून राहिला, तेवढ्या करंटला ती तेवढं देतच नाही, शिवाय लेड ॲसिड पूर्ण रिकामी केली की लवकर मरते, म्हणून अर्धीच वापरायची. म्हणजे धर पाऊण तासाच्या आत. आता पॅनेल किती वॉटचा आहे पाहा. २० चा असेल तर अर्धी बॅटरी, म्हणजे ४२ वॉट-अवर भरायला कमीत कमी दोन तास कडक ऊन पाहिजे, नुकसान धरून तीन समज. ऊन आपल्याकडे आहे, पण मे महिन्यात पॅनेल तापला की त्याची पॉवर कमी होते हे पण वाचून घे, नागपूरच्या पोराला हा प्रश्न कोणीही विचारेल.

तुझ्या मशीनचे आकडे वेगळे असतील, ते तू स्वतः काढ. मग गुरुवारी सरळ सांग की सर, हे मशीन आम्ही ग्रुपने बाहेरून असेंबल करून घेतलं होतं, पण नंतर मी ते उघडून मोजलं, बॅटरी एवढीच चालते, आणि परत बनवलं तर मी हे बदलेन. मी समोर असतो तर पुढचा प्रश्न त्यावरच विचारला असता.

निशिगंध

मी एचआरमध्ये आहे, मिहानच्या बाजूला. टेक्निकलचं वर दादांनी छान सांगितलं आहे, मी माझ्या राऊंडचं सांगते.

स्वतःबद्दल सांगा या प्रश्नाला पॅराग्राफ नको. आम्हाला तीन गोष्टी ऐकायच्या असतात, कुठून आलास, काय शिकलास त्यातलं काय आवडलं, आणि इथं का आलास. तू वर लिहिलंस ना, की कोअरमध्ये जायचं म्हणून सॉफ्टवेअरच्या कंपन्यांना बसलो नाही, हेच सांग. त्याचं वाईट वाटून घेऊ नको. मुलाने काहीतरी ठरवून सोडलं हे आम्हाला फार क्वचित ऐकायला मिळतं. पंक्च्युअल, हार्डवर्किंग, टीम प्लेअर हे शब्द दिवसाला वीस वेळा ऐकते मी, कानावरून जातात. त्यापेक्षा एखादा प्रसंग सांग. कॉलेजच्या गॅदरिंगला जेवणाची जबाबदारी होती आणि ऐनवेळी गॅस संपला, मग तू काय केलंस, असा. काय झालं, तुझ्यावर काय होतं, तू काय केलंस, शेवटी काय झालं, या क्रमाने सांगितलं की आपोआप दीड मिनिटात बसतं.

शिफ्टचं नक्की विचारतील. तिन्ही शिफ्ट चालतील का, नाईट चालेल का. हो म्हणायच्या आधी घरी बोलून ठेव आणि बस आहे का ते तू पण विचार, उमरेड रोडवरून हिंगण्याला फर्स्ट शिफ्ट गाठायची म्हणजे पहाटे निघावं लागेल, कंपनीची बस तुमच्या बाजूला येते का हे विचारण्यात काही कमीपणा नाही. उलट मुलगा येणार म्हणून विचारतोय असं वाटतं.

पगाराचं. ते आकडा सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुझ्यावर वर्षाला होणाऱ्या एकूण खर्चात, सांगतील. समजा २.४० लाख म्हणाले तर बाराने भागून २०,००० हातात येतील असं घरी सांगू नको. त्यात बऱ्याचदा कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, शिवाय तुझ्या बेसिकचे १२ टक्के तुझा पीएफ म्हणून कापले जातात, ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचे (कामगार आरोग्य विम्याचे) ०.७५ टक्के, आणि प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. म्हणून शांतपणे विचारायचं, "सर, इन हॅन्ड साधारण किती येईल?" हे विचारलं म्हणून मी आजवर कोणाला नाकारलं नाही.

आणि हे मात्र सगळ्यांनीच लक्षात घ्या, मला याची फार चीड आहे. जॉइनिंगच्या आधी ट्रेनिंग फी, युनिफॉर्म डिपॉझिट, लॅपटॉप डिपॉझिट, कुठल्याही नावाने पैसे मागितले की तिथून उठायचं. ओरिजिनल मार्कशीट दाखवायच्या, ठेवून द्यायच्या नाहीत. झेरॉक्सवर सही करून द्या. माझ्या मावसभावाचे असेच पैसे गेले, घरात कोणाला सांगितलं नव्हतं त्याने, सहा महिन्यांनी कळलं.

ऑरेंज_लाईन

भावा, इंग्लिशचं मी सांगतो कारण माझी शाळा पूर्ण मराठी मीडियम, सावनेरकडची. पाठ करणं बंद कर. आधी मराठीत बोलून मोबाईलमध्ये रेकॉर्ड कर, तुझी स्टोरी, प्रोजेक्ट, बुशवाला किस्सा पण. मग तेच हिंदीत. मग छोट्या छोट्या इंग्लिश वाक्यांत, आय मेजर्ड इट, देन आय चेक्ड झिरो, एवढी छोटी. ग्रामर चुकलं तर चुकू दे. रोज रात्री ऐकायचं, लाज वाटते पहिले दोन दिवस, तिसऱ्या दिवशी आपल्यालाच कळते कुठं अडकून राहिलो. माझ्या अनुभवात इथल्या कंपन्यांत टेक्निकलला पॅनेल पाच मिनिटांत स्वतःच हिंदीवर येते, पण सुरुवात तू इंग्लिशने कर. अडकला तर सरळ विचार, सर हिंदी में एक्सप्लेन करूँ? कोणी नाही म्हणत नाही.

आणि जागा आधी पाहून ये यार. मी पहिल्या वेळी हिंगण्याला गल्ली शोधत शोधत वीस मिनिटं लेट झालो होतो, एमआयडीसीत सगळ्या गेट सारख्याच दिसतात. गेटवर रजिस्टरमध्ये एन्ट्री, आयडी, मोबाईल जमा, त्यात पण वेळ जाते. मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत ये, तिथून ऑटो. आणि सकाळी निघताना खाऊन निघ, तर्री पोहे नको त्या दिवशी, पांढऱ्या शर्टावर एक थेंब पडला की दिवसभर तिकडेच लक्ष राहते.

उमरेड_रोड

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, खरंच. आज कॉलेजात जाऊन आलो. ग्रास कटर लॅबच्या मागे होता, सरांनी चावी दिली. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचच निघाली. मोटरवर प्लेट नव्हती म्हणून लॅबमधल्या दादांकडून क्लॅम्प मीटर (करंट मोजायचा) घेतला, डीसीवाला, रिकामी फिरवली तर २.८ अँपिअर, गवतात लावली तर ४.५ च्या आसपास जाऊन राहिला. म्हणजे ५४ वॉट. फुल चार्ज करून मागच्या ग्राउंडवर चालवली, २७ मिनिटांनी ब्लेडचा आवाज उतरला, ३१ मिनिटांनी गवत कापेना. मी दोन तास सांगितले होते. हे सगळं वहीत लिहून ठेवलं, तारखेसहित.

एक गोष्ट अजून दिसली, ब्लेड एका बाजूने जड आहे, म्हणून हँडल थरथरते. हे आम्हाला व्हायवाच्या दिवशी पण दिसलं होतं पण कोणी काही केलं नाही. ते घासून बॅलन्स करता येईल का? आणि टूलरूम दादा, व्हर्नियर माझ्याकडे नाही, कॉलेजातल्याचे जबडे सैल झाले आहेत. प्रॅक्टिस कशी करू?

एक शंका निशिगंध ताईंना, रिझल्टनंतर चार महिने गेले, गॅप विचारला तर काय सांगू?

निशिगंध

चार महिन्यांना आम्ही गॅप म्हणत पण नाही रे. आज जे केलंस तेच सांग. वही सोबत ने. आणि हिंगण्याचं जे होईल ते होवो, एनएटीएसच्या (सरकारी अप्रेंटिस योजनेच्या) पोर्टलवर नाव नोंदवून ठेव, ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप एक वर्षाची असते, स्टायपेंड मिळतो आणि शेवटी सर्टिफिकेट. डब्ल्यूसीएल (कोळसा) आणि मॉयल (मँगनीज) या दोन्ही सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं आपल्याच शहरात आहेत, शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती त्यांच्या वेबसाइटवर अधूनमधून पाहत जा, ब्रँच मात्र नीट वाचून अर्ज कर.

टूलरूम_हिंगणा

२७ मिनिटं. शाब्बास. हा आकडा आता तुझा आहे, कोणी कितीही उलटसुलट विचारू दे.

ब्लेडचं करता येते. मधल्या भोकात एक खिळा घालून ब्लेड आडवं सोड, जी बाजू खाली जाते ती जड, तिकडून थोडं थोडं फाईल कर, धारेला हात लावू नको, टोकाच्या मागच्या कडेने घे. दर चार-पाच हातांनंतर परत खिळ्यावर टांगून पाहायचं. बॅटरी काढून ठेव आधी, हे विसरू नको.

व्हर्नियरचं मी पाहतो. रविवारी मला सुट्टी आहे, सकाळी ९ वाजता लोकमान्य नगर स्टेशनच्या खाली ये, @ऑरेंज_लाईन तू पण ये, त्याला इंग्लिशमध्ये प्रश्न विचारायला कोणीतरी पाहिजे. माझा स्वतःचा व्हर्नियर आणि मायक्रोमीटर आणतो, दोन-तीन स्क्रॅप बुश आणतो, त्यातला एक मुद्दाम ओव्हल आहे. कोणता ते सांगणार नाही. तू वही आण.

ऑरेंज_लाईन

येतो. पोहे मी खाऊ घालतो, रविवारी पांढरा शर्ट नाही आहे कोणाचा.

उमरेड_रोड

९ ला पोचतो दादा. बाबांना वाचून दाखवलं सगळं. ते पण येतो म्हणून राहिले, मला स्टेशनवर सोडून पुढे ड्युटीवर जातील.